घोड्याला उजेड किती, कधी, आणि अंधार किती

जानेवारी संपत आला की आमच्या तबेल्यात सगळ्यांच्या कपड्यांवर केस. खरारा फिरवला की मूठमूठ निघतात, नाकातोंडात जातात, डब्यातल्या पोळीवर पण सापडतात. आणि दरवर्षी कुणीतरी नवीन मेंबर काळजीने विचारतोच की अहो अजून तर सकाळी हात गारठतायत आणि ही घोडी आत्ताच कोट, म्हणजे अंगावरचे दाट हिवाळी केस, टाकायला लागली, आजारी तर नाही ना? आमचे मोतद्दार काका त्याला एकच उत्तर देतात, "संक्रांत झाली ना ताई, दिवस तिळातिळाने वाढायला लागला." काकांनी कुठलं पुस्तक वाचलेलं नाही पण हे शंभर टक्के बरोबर आहे.

घोड्याचा हिवाळी कोट येणं-जाणं हे मुख्यतः दिवसाच्या लांबीवर ठरतं. थंडीने कोट किती दाट होणार यात थोडाफार फरक पडतो, खाण्यानेही पडतो, पण सुरुवात कधी करायची हे उजेड सांगतो. २१-२२ डिसेंबरला सगळ्यात लहान दिवस होऊन गेला की शरीराला आतून कळायला लागतं, आणि महिना-दीड महिन्यात केस सुटायला लागतात. उलट बाजूने बघा, जून संपून दिवस लहान व्हायला लागले की आतमध्ये हिवाळ्याची तयारी सुरू, आणि सप्टेंबरच्या त्या घाणेरड्या उकाड्यात अचानक लक्षात येतं की अरे हिचे केस लांबलेत. ऑक्टोबर हीटमध्ये घामाने थबथबलेली घोडी आणि अंगावर नवा कोट, कीव येते खरंच. म्हणून जे लोक नोव्हेंबरात ब्लँकेट घालून "कोट येऊ नये म्हणून" म्हणतात त्यांचं मला हसू येतं, कारण ब्लँकेट घालेपर्यंत निर्णय कधीच झालेला असतो. शोसाठी कोट छोटा ठेवायचा असेल तर परदेशात लोक दिवे लावतात, संध्याकाळचा दिवस लांबवतात.

हे चालतं कसं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. डोळ्याच्या पडद्यात बघायच्या पेशींशिवाय वेगळ्या काही पेशी असतात ज्यांचं काम चित्र बघणं नाही, फक्त उजेड आहे की नाही एवढं मेंदूला कळवणं, आणि या पेशी निळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतात. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन नावाचं हार्मोन सोडते, उजेड झाला की बंद. म्हणजे रात्र जेवढी मोठी तेवढा वेळ मेलाटोनिन जास्त, आणि त्यावरून शरीराला कळतं की सध्या वर्षातला कुठला महिना चालू आहे. त्यावरून मग प्रोलॅक्टिन हे दुसरं हार्मोन वाढतं-कमी होतं आणि केस गळतात किंवा येतात, घोडी माजावर येते किंवा येत नाही. माणसातही हा सगळा कारभार आहेच पण आपण ट्यूबलाइट आणि मोबाईलने त्याची पार वाट लावलीय, घोड्याचं तसं नाही, त्याचं शरीर अजून आकाशाकडे बघूनच चालतं.

आता इथेच एक गोष्ट सांगून टाकते कारण ती महत्त्वाची आहे. मे महिना आला तरी म्हाताऱ्या घोड्याचा लांब, कुरळा कोट अंगावरच असेल, पाठीवरचं मांस उतरलं असेल, पाणी भरपूर पीत असेल, तर तो उजेडाचा प्रश्न नसतो, तो बहुधा कुशिंग म्हणतात त्यातला आजार असतो, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा. रक्ताची टेस्ट होते त्याची, एसीटीएच नावाचं त्या ग्रंथीचं हार्मोन बघतात. त्यातही मजा अशी की हे एसीटीएच निरोगी घोड्यातसुद्धा दिवस लहान व्हायला लागले की चढतं, त्यामुळे डॉक्टर रिपोर्ट बघताना महिना कुठला आहे ते विचारतात. केस कापून गप्प बसू नका एवढंच.

उजेडाचा सगळ्यात जास्त पैसा लावून केलेला वापर मात्र केसांसाठी नाही, तो शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीत. आणि याचं कारण निसर्ग नसून कॅलेंडर आहे. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा उत्तर गोलार्धात कधीही जन्माला येवो, त्याचा कागदोपत्री वाढदिवस १ जानेवारी. आपल्याकडेही तेच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला १ ऑगस्ट. म्हणजे फेब्रुवारीत जन्मलेलं शिंगरू आणि मे अखेरीस जन्मलेलं शिंगरू दोघंही पुढच्या १ जानेवारीला एक वर्षाची, आणि दोन वर्षांची झाली की एकाच शर्यतीत उभी. त्या वयात तीन-चार महिन्यांचा फरक म्हणजे काय हे ज्यांच्या घरी ज्युनियर केजीत जून आणि मेमधली पोरं एकत्र बसलीत त्यांना सांगायला नको. गंमत म्हणजे पूर्वी इंग्लंडमध्ये हा वाढदिवस १ मे धरायचे, जो घोड्यांच्या दृष्टीने शहाणपणाचा होता, १८३० च्या दशकात न्यूमार्केटवाल्यांनी (न्यूमार्केट म्हणजे तिथलं शर्यतींचं गाव) तो १ जानेवारी केला आणि तेव्हापासून घोडी आणि कॅलेंडर यांची जी झटापट सुरू झाली ती आजही चालू आहे.

झटापट का, तर घोडीचा गर्भकाळ साधारण अकरा महिन्यांचा. निसर्गाने तिला उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या दिवसांत माजावर यायला सांगितलंय, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच हंगामात हिरवं गवत असताना शिंगरू जन्मेल. हिवाळ्यात तिचं चक्र बंदच असतं. पण ब्रीडरला शिंगरू हवं जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे घोडी फेब्रुवारीतच गाभण राहायला हवी, म्हणजे ऐन हिवाळ्यात तिला पटवून द्यायचं की बाई गं वसंत आलाय. हे पटवण्याचं साधन म्हणजे दिवा. १९४७ साली इंग्लंडमध्ये बर्कहार्ट नावाच्या संशोधकाने दाखवून दिलं की हिवाळ्यात कृत्रिम उजेड दिला तर घोड्या लवकर माजावर येतात. आपल्याकडे पोल्ट्रीवाले अंडी वाढवायला रात्री बल्ब लावतात ना, तीच चाल.

याचा हिशोब सगळीकडे साधारण एकच आहे. उजेड आणि दिवा मिळून सोळा तास, उरलेले आठ तास अंधार. १ डिसेंबरच्या सुमाराला सुरू करायचं आणि साधारण साठ ते सत्तर दिवस चिकाटीने करायचं, तेव्हा कुठे फेब्रुवारीत पहिलं ओव्हुलेशन, म्हणजे बीज सुटणं, हाताला लागतं. बारा बाय बाराच्या खोलीत जुना शंभर वॉटचा बल्ब पुरतो, मोजायला मीटर नसेल तर कोपऱ्यात उभं राहून पेपर वाचता आला पाहिजे ही जुनी कसोटी. आणि हा जादाचा उजेड दिवस मावळल्यावर लगेच जोडायचा, पहाटेला नाही. मधेच चार-आठ दिवस बंद ठेवला तर गाडी मागे जाते.

आणि मला जे सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की चोवीस तास दिवा लावून ठेवला तर उपयोग होत नाही. जास्त उजेड म्हणजे जास्त फायदा असं नाहीये, त्या शरीराला रात्र कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे कळायला लागतं, नाहीतर त्याला दिवस मोजताच येत नाही. तसंच वर्षभर सोळा-सोळा तास देत राहिलात तरी शरीर एका टप्प्यानंतर त्या उजेडाला दाद द्यायचं बंद करतं, आधी काही आठवडे लहान दिवस अनुभवल्याशिवाय मोठ्या दिवसाला अर्थ नाही.

मग आयर्लंडच्या बार्बरा मर्फी यांनी याच्या पुढची गोष्ट केली. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनला त्यांच्या टीमने दाखवलं की निळा उजेड फक्त एका डोळ्यात पाडला तरी मेलाटोनिन दबतं, दोन्ही डोळे लागत नाहीत, खोलीभर उजेड लागत नाही. त्यातून तो मास्क निघाला, इक्विल्यूम नावाचा, घोड्याच्या तोंडावर जाळीची टोपी आणि उजव्या डोळ्यावर अर्धी वाटी, वाटीत छोटा निळा एलईडी, संध्याकाळी आपोआप लागतो आणि रात्री अकराला बंद. घोडी मोकळ्या कुरणात चरत असते आणि एका डोळ्यात तिचा दिवस अजून मावळलेला नसतो. पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं, थोडं वाईटही, पण रात्रभर खोलीत कोंडण्यापेक्षा हे बरं हे नंतर पटलं. गाभण घोडीला शेवटचे तीनेक महिने असा जादा उजेड दिला तर गर्भकाळ थोडा कमी होतो, आणि शिंगरू जरा आखूड केसांचं जन्मतं असंही दिसलंय. म्हणजे पोटातल्या पिल्लालाही आईमार्फत ऋतू कळतो!

ब्रिस्टल युनिव्हर्सिटीतला डोमिंगो टॉर्टोनीज यांचा एक प्रयोगही इथेच सांगते. त्यांनी घोड्यांचं उजेड-अंधाराचं वेळापत्रक एकदम काही तास अलीकडे आणलं, विमानाने पूर्वेकडे नेल्यासारखं, आणि बघितलं की जेट लॅग होतो का. तर घोडे चटकन जुळवून घेतात, आणि उलट ट्रेडमिलवर दमायच्या आधी जास्त वेळ पळाले. आपण अमेरिकेहून आलो की आठवडाभर दुपारी तीनला डुलक्या काढतो.

आता आपल्याकडचं. न्यूमार्केटला डिसेंबरात दिवस पावणेआठ तासांचा आणि जूनमध्ये पावणेसतरा तासांचा, नऊ तासांचा फरक. पुण्यात सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा. फरक जेमतेम सव्वादोन तास. आणि तेवढ्यावरसुद्धा माझ्या घोडीचं, मैनेचं अंग बरोबर जानेवारीअखेर केस टाकायला लागतं. विषुववृत्ताच्या जवळ जाल तसं हिवाळ्यात चक्र बंद न होणाऱ्या घोड्यांचं प्रमाण वाढतं, आपल्याकडेही काही घोड्या बाराही महिने माजावर येतात असं जुने लोक सांगतात ते म्हणूनच.

त्यामुळे परदेशी ब्लॉग वाचून आपल्याकडे कुणी हिवाळ्यात उजेड कमी पडतो म्हणून हळहळू नये. महाराष्ट्रात उजेडाची कमतरता नाहीच. आपला घोळ वेगळाच आहे, आपण दिवसा घोड्याला अंधारात ठेवतो आणि रात्री उजेडात.

कुठल्याही शहराजवळच्या तबेल्यात जाऊन बघा. पत्र्याची शेड, ऊन आत येऊ नये म्हणून तिन्ही बाजूंनी बंद, पावसाळ्यात वर निळी ताडपत्री. भर दुपारी बाराला आत गेलं की पहिलं मिनिटभर काही दिसत नाही. घोडा त्यात बावीस-बावीस तास उभा. आणि संध्याकाळी सातला चोरांच्या भीतीने पाचशे वॉटचा हॅलोजन लागतो तो पहाटे दूधवाला येईपर्यंत चालू, थेट घोड्याच्या तोंडावर. हे चोवीस तासांचं चक्र मेंदूला पोचतं तेव्हा त्याला दिवसही धड मिळालेला नसतो आणि रात्रही.

रात्रीचं जास्त महत्त्वाचं, कारण झोप. घोडा उभ्याने झोपतो हे सगळ्यांना माहीत असतं पण ते अर्धंच खरं आहे. उभ्याने डुलकी होते, खोल झोप, ज्यात स्वप्नं पडतात ती, त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही कारण त्यात स्नायू सैल पडतात. एकूण झोप दिवसाला तीन ते पाच तासच, तुकड्यातुकड्याने, आणि त्यातली ती खोल झोप जेमतेम अर्धा तास. तीही बहुतेक मध्यरात्र ते पहाट या वेळात. पण तेवढी लागतेच. आडवं व्हायला त्याला निवांतपणा लागतो, कोरडी जाड बिछायत लागते, सोबतीला कुणी जागं लागतं. ही झोप बरेच दिवस बुडाली की उभ्याउभ्याच तो पेंगून पुढे कोसळतो, आणि मग सकाळी पुढच्या गुडघ्यांवर किंवा खालच्या सांध्यांच्या पुढच्या बाजूला खरचटलेलं दिसतं. लोक म्हणतात ठेच लागली असेल. परत परत त्याच जागी खरचटत असेल तर रात्री मोबाईल लावून एकदा रेकॉर्ड करून बघा, तो आडवा होतोय का.

आणि मग लग्नाच्या वरातीतले घोडे. यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. घोड्याचा डोळा हा जमिनीवरच्या प्राण्यांतल्या सगळ्यात मोठ्या डोळ्यांपैकी एक, मंद उजेडात बघायला बनलेला. रंग त्याला कमी कळतात, निळा आणि पिवळा वेगळा दिसतो पण लाल-हिरव्याचा गोंधळ, मात्र अंधुक उजेडात आपल्यापेक्षा कितीतरी बरं दिसतं. पडद्याच्या मागे एक चमकता थर असतो जो उजेड परत फिरवून दुसऱ्यांदा वापरायला देतो, रात्री टॉर्च मारल्यावर डोळे चमकतात ते त्यामुळेच. या सगळ्याची किंमत अशी की उजेडातून अंधारात किंवा अंधारातून उजेडात गेलं की त्याला जुळवून घ्यायला वेळ लागतो, आपल्यापेक्षा जास्त. असा डोळा घेऊन तो जनावर अंधाऱ्या गल्लीतून निघतो आणि समोर एलईडीची भिंत, डोक्यावर फिरणारे शार्पी म्हणतात ते प्रखर झोताचे दिवे, मधेच लेसर, पायाशी फटाक्यांची माळ. गणपतीत लेसरने माणसांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्यात, पोलिसांनी बंदीही घातली, मग वरातीतल्या घोड्याच्या डोळ्यांचं काय? माणूस निदान मान वळवतो, हात आडवा धरतो. घोडेवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांचं पोट त्यावर आहे आणि नवरदेवाच्या मित्रांपुढे त्यांचं काही चालत नाही. बुकिंग करणाऱ्यानेच डीजेवाल्याला सांगावं की लेसर बंद आणि बीम घोड्याच्या डोक्याच्या वर. एवढं फुकटात होतं.

गाडीत न चढणाऱ्या घोड्याचंही अर्धं कारण हेच असतं. भर उन्हातून काळ्याकुट्ट टेम्पोत पाय टाकायला तो तयार होत नाही, मागून चार जण काठ्या घेऊन ओरडतात, घोडा बदनाम होतो. आत एक दिवा लावा किंवा पुढची ताडपत्री वर करा, समोर उजेड दिसला की बरेच घोडे आपणहून चढतात. फ्लायओव्हरच्या सावलीत शिरताना थबकतात तेही तसंच, दोन सेकंद थांबू द्यावं.

उन्हाचं सांगायचं तर काळ्या कातडीचे घोडे ऊन बऱ्यापैकी सोसतात, अर्थात सावली आणि पाणी लागतंच. खरी काळजी गुलाबी कातडीची. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दत्तजयंतीला जाऊन बघा, सगळ्यात जास्त गर्दी नुकऱ्याभोवती, पांढराशुभ्र, गुलाबी नाक, किंमत काहीच्या काही. तो नुकरा आणि सब्जा यात नवीन लोक गोंधळ करतात. सब्जा जन्मतो गडद आणि वयाबरोबर पांढरा होत जातो, त्याची कातडी आतून काळीच असते. नुकरा जन्मतःच पांढरा आणि कातडी गुलाबी. ऊन भाजतं ते नुकऱ्याला, आणि ज्या घोड्याच्या तोंडावर पांढरा पट्टा नाकपुडीपर्यंत उतरलाय त्याला. नाक सोलवटतं, खपल्या धरतात. दुपारी सावलीत ठेवा, नाकाला झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन लावा, चाटलं जातं पण दिवसातून दोनदा लावायचं. आणि गुलाबी पापणीच्या कडेला किंवा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या पापणीवर छोटासा कच्चा लाल उंचवटा दिसला, डोळा सतत गळतोय, तर "माशा बसल्या असतील" म्हणून सोडू नका, त्या जागचा कॅन्सर असू शकतो, स्क्वॅमस सेल प्रकारचा, त्यात अतिनील किरणांचा मोठा वाटा असतो आणि लहान असताना काढला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते.

सब्ज्याच्या शेपटीखाली काळ्या गाठी येतात त्या वेगळ्या. त्या मेलॅनोमाच्या, म्हणजे कातडीतल्या रंगाच्या पेशींच्या गाठी, पण त्या उन्हाने होत नाहीत, उन्ह जिथे पोचतही नाही तिथेच जास्त येतात. २००८ साली स्वीडनच्या संशोधकांनी शोधलं की घोडा पांढरा करणारा जो जनुकातला बदल आहे तोच या गाठींची शक्यताही वाढवतो. पंधरा वर्षांपुढच्या सब्ज्यांत बहुतेकांना या कमी-जास्त असतातच. म्हणजे सब्ज्याला उन्हात सोडलं म्हणून गाठी आल्या हा आरोप कुणी मोतद्दारावर करत असेल तर करू नका.

आणखी एक प्रकार पाहिलाय, तो विसरता येत नाही. अबलक घोडा, पाठीवर पांढरे आणि तपकिरी पट्टे, आणि फक्त पांढऱ्या भागाची कातडी सोलून निघालेली, अगदी रंगाच्या रेषेवर थांबलेली, शेजारचा तपकिरी भाग ठणठणीत. मालकाला वाटलं कुणी ॲसिड टाकलं. हा उन्हाचा परिणाम असतो पण मूळ दुखणं बहुतेकदा लिव्हरचं. हिरव्या चाऱ्यातलं क्लोरोफिल आतड्यात मोडतं तेव्हा त्यातून फायलोएरिथ्रिन नावाचं एक द्रव्य तयार होतं, चांगलं लिव्हर ते पित्तातून बाहेर टाकतं, लिव्हर बिघडलं की ते रक्तातून कातडीत पोचतं आणि ऊन पडलं की तिथे जळजळ सुरू. गडद भागात रंगद्रव्य ऊन अडवतं म्हणून तो वाचतो. काही झाडं लिव्हरला विषारी असतात, आपल्याकडे सगळीकडे माजलेली घाणेरी त्यातलीच, गुरांमध्ये हा त्रास जास्त दिसतो पण चारा कमी असेल तर घोडाही तोंड लावतो. वरून मलम लावून हे बरं होत नाही. आधी लगेच सावलीत, अगदी अंधाऱ्या खोलीत घ्या, चारा बदला आणि डॉक्टरांना सांगून लिव्हरची टेस्ट करा.

डोळ्याच्या बाबतीत एकच नियम, घोडा उजेडात डोळा मिटून घेतोय तर त्याच दिवशी डॉक्टर. उद्या नाही. पापणी अर्धी मिटलेली, वरच्या पापणीचे केस खाली झुकलेले, पाणी, बुबुळावर निळसर धूर, हे युव्हायटिस असू शकतं, आतून सूज. पूर्वी लोकांना वाटायचं की हे झटके चंद्राच्या कलेप्रमाणे येतात, इंग्रजीत त्याचं नावही चंद्रावरून पडलंय. खरं तर त्यामागच्या मोठ्या कारणांत लेप्टोस्पायरा नावाचा जंतू आहे, तोच पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येणारा, म्हणजे आपल्याकडे घाबरायलाच हवं. प्रत्येक झटक्यात डोळ्याचं थोडं कायमचं नुकसान होतं. डॉक्टर ॲट्रोपिन घालतात त्याने बाहुली मोठी होते, मग ऊन अजूनच खुपतं, म्हणून त्या दिवसांत मास्क किंवा अंधारी खोली पाहिजेच. याउलट, बाहुलीच्या वरच्या कडेला काळे दाणे-दाणे लोंबताना दिसले तर घाबरू नका, ते सगळ्या घोड्यांना असतात, वरून येणारं ऊन अडवायला. आमच्याकडे एक ताई रात्री साडेदहाला तो फोटो पाठवून रडत होत्या.

काही घोडे ऊन चमकलं की मान वरखाली झटकायला लागतात, नाक पायावर घासतात, स्वाराला वाटतं नाटकं करतोय. कॅलिफोर्नियात मॅडिगन या पशुवैद्यांनी १९९५ साली अशा सात घोड्यांबद्दल लिहिलं. डोळे झाकले किंवा अंधारात नेलं की त्यांचं झटकणं कमी व्हायचं, म्हणजे उजेडाने चेहऱ्याची नस चाळवली जात होती. अशा घोड्याला ऊन कमी करणारा मास्क घालून बघावा, चाबूक नाही.

व्हिटॅमिन डी बद्दल एवढंच की आपलं गणित घोड्याला लावू नका. त्याच्या रक्तात मुख्यतः डी२ सापडतं आणि ते चाऱ्यातून येतं. उन्हात सोडायची कारणं बाकी भरपूर आहेत, त्यासाठी डी लागत नाही.

आमच्याकडे सध्या असं केलंय. शेडच्या पत्र्यात दर दोन खोल्यांमागे एक पांढरट फायबरचा पत्रा टाकलाय, उत्तरेकडची भिंत छातीपर्यंत ठेवून वर मोकळी केलीय. खर्च फार नाही झाला, आणि दुपारी आत आता पेपर वाचता येतो. रात्रीचा हॅलोजन काढून गेटबाहेर सेन्सरवाला लावला, तो रस्त्याकडे तोंड करून, माणूस आला तरच लागतो. आत रात्री कुणाला बघायला जायचं झालं तर मंद लाल दिवा, कारण लाल मंद उजेडाने मेलाटोनिनवर परिणाम होत नाही असं दिसलंय. काका आधी कुरकुरले, "देव्हाऱ्यात आल्यासारखं वाटतंय" म्हणाले, पण आता त्यांनाच तो आवडतो कारण टॉर्च मारल्यावर सगळे घोडे उठून उभे राहायचे ते आता राहत नाहीत. आणि जिला आडवं झालेलं मी क्वचितच बघितलं होतं ती मैना सकाळी अंगाला बिछायत चिकटवून उभी असते.

राहिला प्रश्न शेजारच्या लॉनचा. लग्नाचा सीझन आला की त्यांचा मोठा एलईडी बोर्ड थेट आमच्या पूर्वेच्या चार खोल्यांत येतो. मॅनेजर बरा माणूस आहे, बारानंतर बोर्ड बंद करतो म्हणालाय, पण बारापर्यंतचं काय, म्हणून मधल्या कुंपणावर जाड शेडनेट लावायचा विचार आहे. नव्वद टक्केवाली हिरवी नेट, दहा फूट रुंद, साधारण ऐंशी फूट लागेल. मार्केट यार्डात चौकशी केली तर भाव ऐकून परत आले. कुणाकडे पॉलिहाऊस काढून उरलेली, फार न फाटलेली असेल तर सांगा, आम्ही येऊन घेऊन जाऊ.